ऑक्सफर्डचा उकिरडा

विलायतेची यात्रा करून परत आलेल्या माणसाला आप्तेष्ट जे प्रश्न विचारतात, ते बहुधा ठरलेले असतात. राजवाडा पाहिला काय, टेम्स नदी केवढी आहे, थंडी कितपत सोसवली आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे हाल झाले काय. आम्ही २०२४ च्या जून महिन्यात सपत्नीक ऑक्सफर्डास चिरंजीवांकडे गेलो व तीन महिने राहून परत आलो. तेव्हापासून ह्या प्रश्नांची उत्तरे आम्ही यथाशक्ती देत आलो आहो. परंतु "तेथे तुमच्या मनात सर्वांत अधिक भरले असे काय?" असे कोणी विचारले, म्हणजे आम्ही किंचित अडखळतो, कारण खरे उत्तर दिले असता ऐकणारा हसू लागतो. ते उत्तर असे की, आमच्या मनात तेथील उकिरडा भरला.

संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने ऑक्सफर्डास जाऊन यावे आणि उकिरड्याची गोष्ट सांगावी, हे विपरीत खरे. त्या गावाची आमची ओढ फार जुनी होती. मॅक्समुल्लरने सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड १८४९ ते १८७४ ह्या काळात प्रसिद्ध केले, ते त्याच गावी राहून. मोनिअर विल्यम्सचा कोश आम्ही विद्यार्थिदशेपासून हाताळीत आलो, तोही तेथलाच. पहिल्या आठवड्यात ही सारी तीर्थे आम्ही केली. होलीवेलच्या दफनभूमीत मॅक्समुल्लरच्या समाधीवर दोन फुले वाहिली आणि बॉडलियन ग्रंथालयाच्या जुन्या दालनांतून टोपी हातात घेऊन हिंडलो. ह्या स्थळांविषयी आजवर पुष्कळांनी लिहिले आहे. त्यांत आमची भर नको. आमची हकीकत दुसऱ्या आठवड्यात सुरू होते आणि तिला निमित्त झाला घरातील मिक्सर.

हा मिक्सर चिरंजीवांनी नऊ वर्षांपूर्वी पुण्याहून नेला होता. दोन्ही देशांत विजेचा दाब २३० व्होल्ट असल्यामुळे पिनेला एक जोड लाविला, की आपली यंत्रे तेथे निमूटपणे चालतात. सौ. एके दिवशी इडलीचे वाटण वाटीत असता यंत्रातून ठिणग्या उडाल्या, जळका वास सुटला आणि ते बंद पडले. "राहू द्या, आई," सूनबाई म्हणाल्या, "कचऱ्याच्या दिवशी पिशवीत घालून बाहेर ठेवू. कौन्सिलची गाडी घेऊन जाईल." सौ. ला हे बोलणे मुळीच रुचले नाही. चांगल्या स्थितीतील यंत्र, नुसते वाइंडिंग गेलेले, आणि ते पिशवीत घालून रस्त्यावर ठेवावयाचे! पुण्यात असते तर कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने दोन दिवसांत चालू करून दिले असते. तिने मिक्सर उचलला व आमच्या खोलीत पलंगाखाली नेऊन ठेविला. तो पलंगाखाली असेपर्यंत आम्हांस त्या गावाच्या कचऱ्याचे शास्त्र समजून घेण्यास पुरेसा अवकाश मिळाला.

तेथे प्रत्येक घरापुढे चाकांच्या पेट्या असतात. कागद, काच, डबे वगैरे पुन्हा उपयोगात येणाऱ्या जिनसांची पेटी निळी. उरलेल्या केरकचऱ्याची हिरवी. बागेतील पाल्याची तपकिरी. शिळ्या अन्नाचा डबा निराळा. विजेवर चालणाऱ्या लहान वस्तू ह्यांपैकी कोणत्याही पेटीत टाकावयाच्या नाहीत. त्या वेगळ्या पिशवीत घालून पेटीजवळ ठेवावयाच्या. सेलसुद्धा असेच निराळ्या पिशवीत.

असे का, ह्याचा खुलासा आमच्या नऊ वर्षांच्या नातवाने केला. त्याने मिक्सर पालथा करण्यास सांगितले, पण त्यावर काही चिन्ह नव्हते. मग त्याने विजेची किटली पालथी केली. तिच्या बुडाशी एक चित्र होते: चाकांची पेटी आणि तिच्यावर फुली. "आजोबा, ही वस्तू पेटीत टाकायची नाही, असा ह्याचा अर्थ." चित्राखाली एक जाड काळी रेघ होती. ती कशाची, हे त्यालाही ठाऊक नव्हते. ते आम्ही पुढे वाचून काढिले. ही वस्तू १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आली, असे ती रेघ सांगते. युरोपातील राष्ट्रांनी २००३ साली विजेच्या टाकाऊ वस्तूंविषयी एक आज्ञापत्र काढिले. त्यातून हे चिन्ह निघाले. पुढे इंग्लंडनेही आपले नियम केले व २००७ च्या जुलैपासून त्यांचा मुख्य भाग अमलात आणिला. तो देश युरोपीय संघातून बाहेर पडला, तरी पेटीवरची फुली मात्र कायम राहिली. आपल्या देशातही अशा वस्तूंवर हेच चिन्ह छापिलेले असते. परत आल्यावर आम्ही घरातील चार्जर उलटून पाहिले, तो प्रत्येकावर ते होते. इतकी वर्षे ते आमच्या हातांखालून जात होते आणि अक्षरे शिकविणाऱ्या आम्हांस ते एकदाही वाचता आले नव्हते.

फुलीचे कारण केवळ काटकसरीचे नव्हे. अलीकडील यंत्रांत लिथियमच्या बॅटऱ्या असतात. कचरागाडीत दाबल्या गेल्या, की त्या पेट घेतात. कचऱ्याच्या गाड्या व आगार मिळून एका वर्षात बाराशेंहून अधिक आगी ब्रिटनमध्ये लागल्याची मोजदाद २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तोंडाने ओढावयाच्या विजेच्या चिलिमी तेथे तरुण मंडळी वापरून रस्त्यात फेकून देत. त्यांतही ह्याच बॅटऱ्या. एकदाच वापरावयाच्या अशा चिलिमींची विक्री तेथील सरकारने १ जून २०२५ पासून बंदच केली.

असो. मोठ्या वस्तू पिशवीत मावत नाहीत. त्यांच्यासाठी गावाबाहेर जागा नेमलेली असते. चिरंजीवांच्या गॅरेजमध्ये पूर्वीच्या भाडेकरूने टाकून दिलेला एक जुना काचेच्या नळीचा मॉनिटर, एक मायक्रोवेव्ह, दोन ट्यूबलाइट आणि गुंतलेल्या तारांचे एक भेंडोळे पडलेले होते. एका शनिवारी ते सारे मोटारीत घालून चिरंजीव निघाले. "अण्णा, तुम्ही येता का? पण तिथे पाहण्यासारखं काही नाही हं," ते म्हणाले. आम्ही टोपी घालून पुढच्या बैठकीवर बसलो.

हे स्थळ रेडब्रिज नावाने ओळखले जाते. शहराच्या दक्षिण अंगास, जुन्या अ‍ॅबिंगडन रस्त्याला लागून ते आहे. तेथे एक गोष्ट प्रथमच कळली. घरोघरचा कचरा उचलतो तो ऑक्सफर्डचा सिटी कौन्सिल, आणि त्याची अखेरची विल्हेवाट लावतो, ही अशी आगारे चालवितो, तो सबंध जिल्ह्याचा कौंटी कौन्सिल. म्हणजे आपल्याकडील नगरपालिका व जिल्हा परिषद ह्यांनी एक काम वाटून घ्यावे, तसा प्रकार. अशी सात आगारे त्या जिल्ह्यात आहेत. आम्ही मनात एक दुर्गंधीयुक्त, कावळेकुत्र्यांनी गजबजलेली जागा कल्पून गेलो होतो. प्रत्यक्षात मोटारींची एक शिस्तबद्ध रांग होती. लोक सहकुटुंब आले होते; कोणी बागेतील फांद्या आणिल्या होत्या, कोणी मोडके कपाट. एक वृद्ध बाई आपल्या मोटारीतून एक दिवा काढून दोन्ही हातांनी जपून नेत होत्या, जणू तो अद्याप पेटणारच होता.

विजेच्या वस्तूंचा भाग निराळा. तेथे वर्गवारी इतकी काटेकोर, की आम्हांस पाणिनीच्या गणपाठाची आठवण झाली. धुलाईयंत्रे व चुली एका गणात. शीतकपाटे दुसऱ्यात, कारण जुन्या शीतकपाटांत पृथ्वीच्या ओझोन-कवचास अपाय करणारे वायू असतात. दूरदर्शनसंच व मॉनिटर तिसऱ्यात, कारण जुन्या नळ्यांच्या काचेत शिसे असते. ट्यूबलाइट चौथ्यात, एका लांबट पेटीत आडव्या ठेवलेल्या, कारण त्यांत पारा. आणि किटल्या, इस्त्र्या, रेडिओ, खेळणी, केस वाळविण्याची यंत्रे हा सारा लहानसहान प्रपंच पाचव्यात. सेलांना पिंपे वेगळी. जाड नारिंगी जाकीट घातलेला एक मध्यमवयीन सेवक प्रत्येकाच्या हातातील वस्तूकडे एक दृष्टी टाकी व बोटाने दिशा दाखवी. चूक करणाऱ्यास तो रागावत नव्हता. फक्त बोट पुन्हा दाखवीत होता. शिक्षकी पेशाचा माणूस म्हणून आम्हांस त्याची ही रीत फार आवडली.

पाचव्या गणाच्या राशीत वरच एक लाकडी पेटीचा रेडिओ पडला होता. आमच्या बालपणी वडिलांनी घेतलेल्या रेडिओशी त्याचे विलक्षण साम्य. आम्ही पुढे होऊन त्या सेवकास नम्रपणे विचारले, "हा आम्ही नेऊ काय?" तो म्हणाला, "नाही साहेब. एकदा येथे आलेली वस्तू कौन्सिलची झाली. ती पुन्हा घरी जात नाही." पुढे त्याने आपणहून कारण सांगितले: न तपासलेले यंत्र कोणी घरी नेऊन लावावे आणि विजेचा धक्का बसावा, तर उत्तरदायी कोण? युक्तिवाद बिनतोड होता. तरीही त्या रेडिओकडे मागे वळून पाहिल्याशिवाय आमचा पाय निघेना.

'उकिरडा' हा शब्द संस्कृत 'उत्कर' ह्याच्या कुळातला आहे. वैदिक यज्ञात वेदी खणताना निघालेली माती, काडीकचरा जेथे टाकावयाचा, ती वेदीच्या उत्तर बाजूची नेमलेली जागा म्हणजे उत्कर. म्हणजे आपल्या पूर्वजांनी यज्ञासारख्या पवित्र कर्मातसुद्धा केराला जागा नेमून दिली होती. ते स्थान यज्ञभूमीच्याच मांडणीत होते, कुंपणापलीकडे नव्हते. हा शब्द आम्ही किती वर्गांना शिकविला असेल! पण त्याचा अर्थ आम्हांस रेडब्रिजच्या त्या आवारात उभे राहिल्यावर उमगला.

तेवढ्यात चिरंजीवांनी गॅरेजमधील मॉनिटर उचलून आमच्या हाती दिला व तिसऱ्या गणाकडे बोट दाखविले. तेथे लोखंडी पिंजऱ्यात जुने मॉनिटर एकावर एक रचून ठेविले होते, एकही न फोडता. आम्ही आपला त्यांत ठेविला आणि थोडा वेळ तेथेच उभे राहिलो. का, ते चिरंजीवांस त्या दिवशी सांगवले नाही. येथे सांगतो.

सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही पुष्कळ वर्षे शिक्षक होतो. २०१३ साली शाळेतील सोळा जुने संगणक निकामी ठरवून विकण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही तीन भंगारवाल्यांकडून भाव मागविले व सर्वांत अधिक भाव देणाऱ्यास ते दिले. शाळेस अपेक्षेपेक्षा अधिक रक्कम मिळाली म्हणून सभेत आमचे अभिनंदन झाले. दोनएक महिन्यांनी सायकलचे काही जुने सामान शोधीत आम्ही त्या भंगारवाल्याच्या आवारात गेलो. तेथे आमचाच एक विद्यार्थी भेटला. आठवीत शाळा सोडून गेलेला. शब्दरूपे त्याला फार सुरेख पाठ होती. तो हातोडीने मॉनिटरची काच फोडीत होता आणि मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी ओढून काढीत होता. भिंतीशी तारांचा ढीग जळत होता. काळा धूर त्याच्याच अंगावर येत होता. मॉनिटरच्या पाठीवर पांढऱ्या रंगात शाळेचे नाव व अनुक्रमांक घातलेला होता. ते अक्षर आमचे होते.

"नमस्कार, सर," तो उठून म्हणाला आणि खोकला. त्याच्या उजव्या हातावर भाजल्याचे व्रण होते. "तार जाळली की तांबं स्वच्छ निघतं, सर. भाव बरा येतो." त्याने वाकून नमस्कार केला. आशीर्वादाचा हात वर करताना आम्हांस जो संकोच वाटला, तो आजतागायत गेलेला नाही. वास्तविक त्या वेळी ह्या विषयाचे नियम आपल्या देशातही १ मे २०१२ पासून अमलात आलेले होते. शिक्षणसंस्था ह्या मोठ्या ग्राहकांत गणलेल्या होत्या, आणि अशा वस्तू अधिकृत संस्थांकडेच द्याव्यात असे त्या नियमांत स्पष्ट होते. आम्हांस ते ठाऊक नव्हते. अज्ञान ही सबब आम्ही विद्यार्थ्यांकडून कधी ऐकून घेतली नाही. तेव्हा स्वतःची कशी ऐकावी?

ह्या अनुभवामुळे परतीच्या वाटेवर आम्ही चिरंजीवांस एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होतो: "ह्या सगळ्याला पैसे कोण देतो?" कारण व्यवस्था कितीही सुरेख असली, तरी दक्षिणेची सोय नसलेला यज्ञ फार दिवस चालत नाही. कौन्सिल कराच्या पैशांतून जागा देतो, माणसे ठेवितो, वर्गवारी राखितो. पण तेथून पुढे ह्या वस्तू वाहून नेणे, त्या विषमुक्त करणे, त्यांतील धातू वेगळे काढणे, ह्याचा भार यंत्रे बाजारात आणणाऱ्या कारखानदारांवर व आयातदारांवर टाकलेला आहे. हे कारखानदार एकेका मंडळाचे सभासद होतात. देशाने त्या वर्षी किती माल गोळा करावयाचा, हे सरकार ठरविते आणि प्रत्येक मंडळास त्याच्या सभासदांनी विकलेल्या वजनाच्या मानाने आपला वाटा उचलावा लागतो. त्यांत एक मार्मिक कलम आहे. शीतकपाटासारख्या खर्चाच्या वस्तू उचलण्यास कोणीच मंडळ राजी नसेल, तर कौन्सिल कोणत्याही एका मंडळास तसे करण्यास सांगू शकतो, आणि ते त्याला टाळता येत नाही. गोड तेवढे घ्यावे व कडू टाकावे, ह्याला वाव ठेविलेला नाही. मोठ्या दुकानदारांसही आपला वाटा आहे: नवे यंत्र विकताना तशाच जातीचे जुने फुकट परत घ्यावे, असा नियम आहे.

आम्ही म्हटले, माणसांत पुत्र पित्याची अंत्येष्टी करितो. येथे पित्याने पुत्राची करावयाची, असा धर्म दिसतो. चिरंजीव हसले, पण विचार करिता ह्यात गंमत नाही. जो वस्तू घडवितो, त्यालाच तिच्या अंताचा खर्च सोसावा लागला, तर ती घडवितानाच तो तिच्या अंताचा विचार करील, असा ह्या तत्त्वाचा हेतू आहे.

पुढे त्या वस्तूंचे काय होते? शीतकपाटे बंदिस्त यंत्रात फोडतात, म्हणजे वायू हवेत न जाता धरता येतो. ट्यूबमधील पारा वेगळा करितात. लहान वस्तू आधी बॅटऱ्या काढून मग भरडतात. लोखंड चुंबकाने, अ‍ॅल्युमिनियम निराळ्या विद्युत्-युक्तीने वेगळे होते, आणि सर्किटच्या पट्ट्या धातू गाळणाऱ्या भट्ट्यांकडे जातात. त्या पट्ट्यांत तांब्याबरोबर थोडे सोने-रुपेही असते.

हे सारे ऐकून वाचकांस वाटेल की, तेथे रामराज्य आहे. तसे नाही. लोक निरुपयोगी झालेले फोन टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे ठेवितात. ह्या बाबतीत तो देश व आपला देश ह्यांत आम्हांस काडीचा फरक दिसला नाही. श्रीमंत राष्ट्रांतील टाकाऊ यंत्रे 'वापरण्याजोगी' म्हणून जहाजांत भरून घाना, नायजेरिया अशा देशांत पाठविल्याचे प्रकारही उघडकीस आले आहेत. बाझल येथील १९८९ च्या करारात ह्यासाठी सुधारणा होऊन, विजेचा कोणताही कचरा घेणाऱ्या देशाच्या पूर्वसंमतीवाचून पाठविता येऊ नये, असा दंडक १ जानेवारी २०२५ पासून घातला गेला. साऱ्या जगाचा हिशेब पाहिला, तर २०२२ साली असा कचरा ६ कोटी २० लाख टन निघाला आणि त्यांपैकी शेकडा २२.३ एवढाच रीतसर गोळा होऊन पुनरुपयोगास गेल्याची नोंद आहे.

शिवाय तो लाकडी रेडिओ आमच्या मनातून जात नव्हता. जे आगार वस्तू इतक्या जपून मोडते, त्याने ती दुरुस्त होईल की नाही, हे आधी पाहू नये काय? ह्या शंकेचे उत्तर अनपेक्षितपणे सौ. च्या मिक्सरने दिले. सूनबाईंनी कोठूनसे शोधून काढिले, की जवळच्या एका चर्चच्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा 'रिपेअर कॅफे' भरतो. २००९ साली अ‍ॅमस्टरडॅम येथे मार्टिन पोस्टमा ह्या बाईंनी हा प्रकार सुरू केला व तेथून तो देशोदेशी पसरला. आपली बिघडलेली वस्तू घेऊन जावे. गावातील जाणकार ती आपल्यादेखत, विनामोल दुरुस्त करून पाहतात. बरोबर चहा व केक.

सौ. ने मिक्सर लुगड्याच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून नेला. तेथे एका सत्तरीच्या निवृत्त इंजिनीयरांनी तो उघडला. वाइंडिंग शाबूत होते. फक्त कार्बनच्या दोन कांड्या झिजून गेल्या होत्या. त्या मापाच्या तेथे मिळेनात. तेव्हा त्यांनी मोठ्या कांड्या घेतल्या आणि कानशीने घासघासून मापात आणिल्या. ह्या कामी पाऊण तास गेला. मिक्सर फिरला, तेव्हा आसपासच्या मंडळींनी टाळ्या दिल्या. वीज झिरपत नाही ना, हे एका यंत्राने तपासून मगच त्यांनी तो परत दिला. सौ. म्हणाली, "आपला मिस्त्री अगदी असंच करतो." ते खरेच होते. आमच्या घरी हे काम करणारा माणूस पेठेत दर शंभर पावलांवर बसे. तेथे त्याला महिन्यातून एकदा, हौसेखातर, चर्चमध्ये बोलावावे लागते. त्यांच्यापाशी व्यवस्था आहे आणि हात हरवत चालला आहे. आमच्यापाशी हात आहे आणि व्यवस्था यावयाची आहे.

परत आल्यावर, त्याच हिवाळ्यात, एका समारंभासाठी आम्ही त्या तालुक्याच्या गावी गेलो व त्या विद्यार्थ्याचा शोध काढिला. तो आता तिशीच्या घरात आहे. स्वतःची हातगाडी आहे, एक मुलगी शाळेत जाते. आम्ही त्यास तारा जाळण्याचे धोके समजावून सांगू लागलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले व म्हणाला, "सर, न जाळता माल घेणारे परवानेवाले असतात. ते माझ्या चार किलोसाठी येत नाहीत. आणि गिऱ्हाईक मला फुकट देत नाही. ते भाव करतं. भाव द्यायचा तर मला जाळावंच लागतं."

ह्या एका वाक्यात साऱ्या प्रश्नाची किल्ली आहे, असे आम्हांस वाटते. ऑक्सफर्डमध्ये टाकाऊ वस्तूबद्दल कोणालाही चार पैसे मिळत नाहीत आणि त्यांची कोणी अपेक्षाही करीत नाही. आपल्याकडे बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घेण्याची सवय अंगवळणी पडलेली. ती सवय वाईट नव्हती. कपड्यात विष नसते. परंतु विजेच्या वस्तूंच्या बाबतीत जो सर्वांत अधिक भाव देतो, तो बहुधा जाळूनच देऊ शकतो. शाळेच्या सभेत आमचे अभिनंदन झाले, ते ह्याच अधिक भावाबद्दल.

आपल्याकडे काहीच नाही, असेही नव्हे. उत्पादकांवर भार टाकण्याचे तत्त्व आपल्या नियमांतही आहे. २०१६ साली ते अधिक विस्ताराने आले व नव्या स्वरूपात १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. केरात अशा वस्तू मिसळलेल्या आढळल्यास त्या वेगळ्या काढून अधिकृत ठिकाणी पोहोचविण्याचे काम नगरपालिकांकडे सोपविलेले होतेच. पुण्यात तर ह्याहून मोलाची एक गोष्ट घडली आहे. कचरा वेचणाऱ्या बायामाणसांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापिली. तिच्यातून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ साली तिचा पुणे महानगरपालिकेशी करार झाला. ज्यांना लोक दारातून हुसकावीत, त्यांच्या गळ्यात ओळखपत्र आले. ही संस्था घरगुती केराबरोबर जुन्या विजेच्या वस्तूही गोळा करिते. हाताला व्यवस्था मिळते, ती अशी. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या गावी हे अद्याप पोहोचलेले नाही. तेथील नगरपालिकेस आम्ही एक विनंतीपत्र लिहिले आहे. एक नेमलेली खोली, महिन्यातून एक दिवस, आणि गोळा करण्याच्या कामी गावातीलच हातगाडीवाले, ओळखपत्रासह, एवढेच आम्ही मागितले आहे. उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र धाडणार आहो.

तोपर्यंत घरी करण्यासारखे आम्ही केले. आमच्या पुण्याच्या घरात तीन बिऱ्हाडे एकत्र नांदतात व माळा एकच आहे. त्यावरून दोन रेडिओ, एक इस्त्री, पाच फोन, एक फिरता पंखा आणि चार्जरांचा एक डबा खाली निघाला. दुरुस्त होण्याजोगे ते मिस्त्रीकडे गेले. एक रेडिओ आता सकाळी बोलतो. उरलेले एका खोक्यात घालून, निरोप देऊन, 'स्वच्छ'च्या माणसांच्या हवाली केले. खोके कायमचे जिन्याखाली ठेविले आहे आणि त्यावर धाकट्या पुतणीने ती फुली मारलेली पेटी रंगविली आहे.

माणसे खोके रिकामे करून गेल्यावर थोरल्या वहिनींनी सवयीने विचारले, "किती आले हो?"

"काही नाही," आम्ही म्हणालो. "ह्या वेळी भाव केला नाही."